पाणी लागलं

आत्मकथन म्हातारपणी लिहावं, असं म्हणतात. मला मान्य आहे. अडचण एवढीच, की आमच्या घरात म्हातारं व्हायला कुणी तयारच नव्हतं. पप्पांनी पन्नाशीत नोकरी सोडून शिडाची नाव घेतली, आई त्या नावेत राहायला गेली, आणि दोघं दर वर्षी थोडे जास्त काळे आणि थोडे जास्त तरुण होत गेले. घरात एक तरी पोक्त माणूस असावं म्हणून ते खातं माझ्याकडं आलं. मी तेव्हा अकरावी-बारावीत होते. तेव्हापासून मी म्हातारीच आहे, त्यामुळं आठवणी लिहायला बसले तर कुणाची हरकत नसावी.

आमचं घर पुंडलिकनगरात होतं. खाली दोन खोल्या, वर माझी एक, आणि उरलेली सगळी जागा पाण्याची. गच्चीवर काळ्या टाक्या, अंगणात फरशीखाली हौद, जिन्याखाली ड्रम, मोरीत हंडे, ओट्याखाली कळश्या, आणि पाहुणे येणार असले की पिठाच्या रिकाम्या डब्यांतही पाणी. बाहेरगावच्या वाचकासाठी सांगते, आमच्या शहरात नळाला वेळ नसते, वार असतो. तोही पाळायचा म्हणून नसतो, सांगायचा म्हणून असतो. गुरुवार म्हटला की पाणी शुक्रवारी यायचं, शुक्रवार धरून बसलं की गुरुवारीच येऊन गेलेलं असायचं. पाणी यायच्या आधी नळ खोकायचा. कोरडा, छातीतला खोकला. तो आवाज आईला झोपेत, मिक्सर चालू असताना, वरातीच्या बँडमधूनही ऐकू यायचा. "आले नळ," म्हणून ती उठायची, पदर खोचायची, आणि मग कितीतरी वेळ आमच्या घरात भांडं लाव, भांडं उचल, नळी धर, मोटार बंद कर, याशिवाय दुसरं बोलणं नसायचं. त्या दिवशी जेवायला खिचडी. दुसरं काही मागितलं तर आई अशी बघायची की खिचडीच बरी वाटायची. धाकट्या मावशीच्या लग्नात ती अक्षता टाकून तशीच परत आली, जेवलीसुद्धा नाही, कारण नळाचा वार होता. मधल्या काळात शहराचं नाव बदललं, दुकानांच्या पाट्या बदलल्या, नळाचा स्वभाव तेवढा आहे तसा आहे. परंपरा कुणीतरी जपायला पाहिजेत.

पप्पा वाळूजला एका कारखान्यात होते, तपासणी विभागात. दुसऱ्यांच्या कामातले दोष काढायचा त्यांना पगार मिळायचा, घरी ते हेच काम फुकट करायचे. पोळी गोल नाही, दार कुरकुरतं, पोरीचं अक्षर उजवीकडं झुकतं. असल्या माणसाला वेड लागेल अशी शंका कुणाला येणार? कंपनीनं एकदा त्यांना ट्रेनिंगला गोव्याला पाठवलं. लोक गोव्याहून काजू आणतात, काही लोक जे आणतात ते घरी दाखवत नाहीत. पप्पा हात हलवत आले. नुसते बघून आले होते. तिथल्या खाडीत एका शिडाच्या नावेवर पांढऱ्या केसांचं एक विलायती जोडपं बसलेलं होतं. करत काय होतं? तर बटाटे सोलत होतं. दोरीवर त्यांचे टॉवेल वाळत होते आणि दोघांना कुठं म्हणून जायची घाई नव्हती. पप्पा म्हणे पुलावर उभं राहून बटाटे संपेपर्यंत बघत होते. आईनं आमच्या घरी उभा जन्म बटाटे सोलले, ते कुणाला थांबून बघावेसे वाटले नाहीत.

मग रोज जेवण झाल्यावर फोनवर नावांचे व्हिडिओ. शीड कसं बांधायचं, गाठ कशी मारायची. आमच्या पडद्यांच्या दोऱ्यांना अशा गाठी बसल्या की पडदे कायमचे बंद झाले. एक दिवस भाकरी मोडता मोडता त्यांनी विषय काढला.

"सुनंदा, मी म्हणतो, आपण नावेत राहायचं."

"कुणाच्या नावे?" आई म्हणाली. "घर तर दोघांच्या नावे हाय की."

"नावे नाय गं, नावेत. बोटीत. शिडाच्या."

आईनं त्यांच्या ताटात अजून अर्धी भाकरी टाकली आणि उलट्या हातानं कपाळ चाचपून बघितलं. ताप नव्हता.

ती नाव गोव्यातल्याच कुणाची तरी होती. हौस फिटल्यावर त्यानं ती काठावर आडवी टाकून दिली होती आणि आत कोंबड्या राहत होत्या. पप्पांनी ती ट्रेलरवर घालून बजाजनगरला आणली. तीन रिक्षा एकामागं एक लावाव्यात एवढी लांब, मध्ये एक बुटकी खोली, आणि वास कोंबड्यांचा. ट्रेलरचा ड्रायव्हर आपल्याच शहरातला होता. नाव उतरवून झाल्यावर त्यानं चारी बाजूंना नजर टाकली, जिकडं तिकडं पत्र्याची शेडं आणि कामावरून सुटलेली माणसं, आणि पप्पांच्या खांद्यावर हात ठेवून लई मायेनं म्हणाला, "साब, समंदर इदर नै है. किसने बोले आपकू?"

तिथल्या एका बंद शेडमध्ये तिची डागडुजी दोन वर्षं चालली. नोकरी सोडली ती याच काळात. पप्पांनी तळाला फायबरचे थर दिले, डोलकाठी उभी केली, शीड शिवून आणलं. नातेवाईक रविवारी डबे बांधून बघायला यायचे. लोकांनी इतकी नावं ठेवली की पप्पांना वेगळं नाव ठेवायची गरज पडली नाही. ती अजून बिननावाची आहे.

शेवटी पैठणच्या धरणात ती उतरवली. परवानगी कशी मिळाली ते विचारू नका. ही गोष्ट कुणाच्याच नियमात बसत नव्हती, म्हणजे कुणाच्याच नियमाबाहेरही जात नव्हती, आणि कुणीतरी सही केली. गंगेत घोडं न्हालं, आणि हे मी अक्षरशः म्हणते, कारण आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. लासूर स्टेशनहून मामा आला होता. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, त्याचा बोअर मारायचा धंदा. आसपासच्या गावांतली निम्मी शेतं त्यानं भोकं पाडून ठेवली आहेत. पप्पांनी साखळीला बांधलेला नांगर पाण्यात सोडला तेव्हा मामा साखळी खाली जाताना बघत होता. मग म्हणाला, "दाजी, तुमच्या बापजाद्यांनी नांगर धरला. तुम्ही तर टाकला की वो."

मग सुरू झाला सराव. पप्पांचं तत्त्व एकच, सावकाश. "पोचायचं नसतं, जायचं असतं," हे वाक्य त्यांनी कुठल्यातरी व्हिडिओतून उचललं होतं आणि ते आल्यागेल्याला ऐकवायचे. हा तोच माणूस, जो माझी शाळेची रिक्षा जरा थांबवून ठेवली तर फाटकात उभा राहून मला घड्याळ दाखवायचा. वारा असला की नाव या काठाहून त्या काठाला जायची, नसला की जिथं असेल तिथं मुक्काम व्हायचा. मुक्काम आणि अडकून पडणं यांतला फरक मला अजून कळलेला नाही. आई आधी नुसती रविवारची जायची, मग शनिवार धरून, मग शुक्रवारही, आणि मला ओढत न्यायची. खोलीतली गॅसची शेगडी साखळ्यांना टांगलेली होती, म्हणजे नाव कलली तरी तवा सरळ राहावा. तवा सरळ राहायचा, आई कलायची. पहिल्या महिन्यात तिच्या भाकऱ्या आमच्यापेक्षा माशांनी जास्त खाल्ल्या. नंतर तिला हात बसला. एक पाय भिंतीला टेकवून ती अशी भाकरी थापायची की बघत राहावं, आणि त्या भाकरीबरोबर पिठलं, मिरचीचा ठेचा, काठावरच्या मळ्यातली मेथी. मी तोंड वाकडं करून दोन-दोन भाकऱ्या खायचे. शिडाच्या दोऱ्या डोलकाठीवर टकटक वाजत राहायच्या आणि पप्पा म्हणायचे, "ऐक, शांतता." मी म्हणायचे, "ऐकू येतीय. लई आवाज करतीय."

काठावर शेळ्या राखणारे एक आजोबा असायचे. एकदा न राहवून त्यांनी विचारलं, "मासं धरता व्हय?"

"नाय," पप्पा म्हणाले.

"मंग सरकारी मानसं?"

"नाय."

"मंग करता काय?"

"राहतो," पप्पा अभिमानानं म्हणाले.

आजोबांनी आवाज खाली आणला. "घर पडलं का काय?"

निघताना मी "जाते" म्हणायचे. आपल्यात घरातून निघताना "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणतात, हे मला बोबडं बोलायचे तेव्हापासून शिकवलेलं होतं, म्हणून तर मुद्दाम म्हणायचे. मी काठावर न्यायच्या छोट्या होडीत उतरले की आई वरून म्हणायची, "येते म्हणावं."

"ते घरातून निघताना," मी म्हणायचे.

माझा हा हट्ट मी इतकी वर्षं नीट सांभाळला आहे. घराण्यातून मला मिळालेली तेवढीच एक स्थावर मालमत्ता.

कारण मला माझं घर हवं होतं. गमतीत नाही सांगत. वरच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरची वाळवणं दिसायची, भिंतीवर माझ्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या, आणि जिन्याची तिसरी पायरी कुणाच्या पायाखाली कशी वाजते हे मला पाठ होतं. पप्पांचा बेत असा, की धरणात हात बसला की नाव समुद्रावर न्यायची आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं राहत हिंडायचं, कायमचं. दोन्ही डगरींवर पाय ठेवून हे होणार नव्हतं, म्हणून घर विकायचं. गिऱ्हाईक तयार होतं, हौद किती खोल आहे ते काठी घालून बघूनही गेलं होतं. मला बारावीनंतर बजाजनगरला काकांकडं ठेवायचं ठरलं. मी रडले, अबोला धरला, जेवण सोडलं. जेवण एकदाच, कारण दुसऱ्या दिवशी धपाटे होते. पण मला आधार होता तो आईचा. तिनं पप्पांना साफ सांगितलं होतं, "नावेची वास्तुशांत करायची. निर्विघ्न पार पडली तर घर विका, मी येते. एक जरी विघ्न आलं, तर गुमान पुंडलिकनगर." पप्पा कबूल झाले. मी मनात म्हटलं, शाब्बास माझी आई. आमच्या घराण्यात साधं बारसं विघ्नाशिवाय होत नाही, आणि हे तर पाण्यावर.

गुरुजी आमच्या गल्लीतलेच. पाण्यातली वास्तू त्यांनी जन्मात बघितली नव्हती, पण पुरणपोळी ओळखीची असल्यानं ते तयार झाले. होडीत बसताना त्यांनी एका हातात पंचांग आणि दुसऱ्या हातात पप्पांचा सदरा घट्ट धरला होता. नावेत आल्यावर त्यांनी दिशा बघितल्या, ईशान्येला कलश मांडला, अक्षता वाहिल्या आणि डोळे मिटून मंत्र सुरू केले. डोळे उघडले तेव्हा वारा फिरला होता, नांगराभोवती नाव फिरली होती, आणि कलश नैर्ऋत्येला होता. गुरुजींनी कलश उचलून पलीकडं ठेवला. नाव पुन्हा फिरली. असं तीनचारदा झालं. शेवटी गुरुजीच पाटासकट गोल फिरायला लागले आणि म्हणाले, "यजमान, आधी वास्तू स्थिर करा." पप्पांनी मागच्या बाजूनं दुसरा नांगर टाकला, तेव्हा कुठं ईशान्य जागेवर थांबली. मी या सगळ्याला विघ्न म्हणावं का याचा विचार करत होते, पण आई म्हणाली, "ही नुसती गडबड हाय."

मामा आमच्याबरोबर पहिल्याच फेरीत आला होता, आत्या, काका आणि काकू अजून काठावरच होते. त्यांना आणायला पप्पा होडी घेऊन निघाले. गुरुजी म्हणाले, "जाऊन या. तोवर आग्नेयेला एक खड्डा करून ठेवतो. वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरावी लागंल." आता घराच्या वास्तुशांतीत हे असतंच. कोपऱ्यातली फरशी काढायची, हातभर खणायचं, तांब्याची छोटी प्रतिमा धान्यात पालथी ठेवायची, वर माती ओढायची. गुरुजींनी हे शेकडो घरांत केलेलं. आईनं आमच्याच घरात केलेलं. मी विज्ञान शाखेला होते, म्हणजे मला तर काहीच सुचायचा प्रश्न नव्हता. नावेला खाली माती नसते हे त्या क्षणी नावेतल्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही. पप्पांच्या आलं असतं, पण ते वल्ही मारत होते.

"खड्डा?" मामा म्हणाला. "मंग मी कशाला हाय?"

मामाच्या पिशवीत बॅटरीवर चालणारं ड्रिल होतं. लोक लग्नकार्याला जाताना खिशात कंगवा ठेवतात, तसं मामा ड्रिल ठेवतो. त्यानं आग्नेय कोपऱ्यातली फळी उचलली, खालचा पांढरा तळ बोटानं वाजवला, "फरशी लई पातळ टाकली दाजीनं," असं म्हणाला आणि बसला दाबून. घर्र करून आवाज आला, पांढरी भुकटी उडाली, मामानं ड्रिल बाहेर ओढलं, आणि अंगठ्याएवढ्या भोकातून वीतभर उंच, स्वच्छ, गारेगार पाण्याची धार वर आली.

या माणसानं आयुष्यभर जमिनीला भोकं पाडली होती. तीनशे फूट, चारशे फूट, आणि वर काय, तर धुरळा. कोरड्या भोकाभोवती उभ्या असलेल्या माणसांची तोंडं बघणं हाच त्याचा अर्धा धंदा. त्यामुळं त्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो आनंद पसरला, तो मी विसरू शकत नाही.

"पाणी लागलं!" मामा ओरडला. "अक्का, पाणी लागलं! वितीवर लागलं! आख्ख्या तालुक्यात एवढ्या वर कधी लागलं नाय!"

त्यानं ड्रिल बाजूला ठेवलं, चपला काढल्या आणि भोकाला हळदीकुंकू वाहिलं. गुरुजींनी हात आपोआप अक्षतांकडं नेला आणि मंत्र म्हटला. आणि आई, माझी आई, धार दिसताच पदर खोचून उठली, ओट्याखालची कळशी ओढली आणि धारेला लावली. म्हणजे बघा, नाव बुडत होती आणि त्या नावेत एक माणूस भोकाची पूजा करत होता, एक माणूस मंत्र म्हणत होता, आणि एक बाई पाणी भरत होती.

"आई," मी म्हटलं, "नाव बुडतीय."

"थांब, एवढी कळशी भरू दे," आई म्हणाली. आणि मग तिचा हात थांबला.

त्यानंतर बरीच पळापळ झाली. मामानं नारळाची शेंडी भोकात कोंबली, ती लगेच वर आली. आईनं पुरणपोळीसाठी भिजवलेल्या कणकेचा गोळा दाबला, तो सुटून तरंगायला लागला. गुरुजी तोवर पंचांग घेऊन वर डोलकाठीपाशी पोचले होते आणि तिथून रामरक्षा ऐकू येत होती. मामा "दाजी, दाजी" करत वर धावला. खाली खोलीत आई आणि मी राहिलो. मी पुढं झाले आणि भोकावर टाच ठेवली. धार थांबली. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, माझा भोकावर होता. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं आणि त्यात झेंडू, अक्षता आणि कणीक फिरत होती.

"विघ्न आलं," मी म्हटलं. "तूच म्हणाली होतीस, आई. विघ्न आलं की पुंडलिकनगर."

आई तांब्यानं पाणी उपसून खिडकीबाहेर टाकत होती. ती थांबली. "हे विघ्न व्हय?"

"मग काय प्रसाद हाय?"

ती हसायला लागली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, खांदे हलेपर्यंत. मी तिला तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. हसता हसता ती माझ्याशेजारी पाण्यातच खाली बसली, साडीसकट.

"एवढं पाणी माझ्या घरात कधी आलं नाय बघ," ती म्हणाली. आणि मग हसू थांबवून म्हणाली, "तुझ्या पप्पाला वाटतं हा बेत त्याचा हाय. वाटू दे. त्यानं नावेचं काढलं त्या रात्री मला डोळ्याला डोळा लागला नाय. बाकी काय बोलला ते मला ऐकूच आलं नाय. पाण्यावर राहायचं, एवढंच ऐकू आलं. वीस वर्षं नळाच्या तोंडाकडं बघत काढली गं मी."

"मग अट कशाला घातली?"

"लगीच व्हय म्हटलं असतं तर लोकं काय म्हणली असती? बाईमाणूस उठली आन् घर विकायला निघाली. देवावर सोडलं की कुणी काय बोलत नाय."

मला लई राग आला. सगळं घर एका बाजूला आणि मी एकटी एका बाजूला, आणि हे मला इतक्या उशिरा कळत होतं. "आणि मी?" मी म्हटलं. "मला ते घर पायजे, आई. मला तिथंच राहायचंय." मी रडत होते आणि टाच हलू नये म्हणून भिंतीला धरून उभी होते.

"मालूम हाय," ती म्हणाली.

"मी टाच काढली तर?"

तिनं माझ्या पायाकडं बघितलं. घाबरली नाही. "काढ. टाच तुझी हाय. काठ जवळ हाय, कुणी मरणार नाय. तुझा पप्पा रडंल चार दिवस. मी नाय रडणार. परत जाऊन नळाचा खोकला ऐकत बसंन, खिचडी टाकीन. तुझ्यावर राग बी नाय धरणार." आणि ती तांब्या घेऊन पुन्हा पाणी उपसायला लागली.

राग धरते म्हणाली असती तर मी काढली असती. माझा स्वभाव मला माहीत आहे. पण ती पाठमोरी, ओल्या साडीत, एक एक तांब्या बाहेर टाकत होती, आणि इतकं पाणी वाया जात असून तिचा हात जरासुद्धा अडखळत नव्हता. पुंडलिकनगरात तिनं भाजी धुतलेलं पाणी कधी सांडू दिलं नव्हतं. मला एकदम दिसलं ते असं, की ती पुन्हा त्या मोरीत बसली आहे आणि मी वर माझ्या खोलीत खुशाल वाळवणं बघते आहे. मला ते नको होतं. मला घर हवं होतं आणि ते नको होतं, आणि टाच एकच होती. गार पाण्यानं पायाची जाणीव गेली तरी मी ती दाबून धरली.

पप्पा आले ते आत्या-काकांना होडीतच सोडून. धापा टाकत खाली उतरले, वाकले, माझा पाय जरा सरकवून भोक बघितलं आणि पहिलं वाक्य बोलले, "गोल नाय मारलं." मग दोन डब्यांतला मसाला मिसळून, पाण्यातही घट्ट बसतो तो, त्याचा लोळा त्यांनी भोकावर थापला. तेवढ्यात वरून गुरुजींचा आवाज आला, "यजमान, प्रतिमा घाला. मुहूर्त टळतोय." पप्पांनी तांब्याचा तो छोटा वास्तुपुरुष मसाल्यात पालथा दाबला आणि वर अजून एक थर दिला. तो अजून तिथंच आहे, त्या दिवशीच्या आग्नेयेला. गुरुजींनी निकाल दिला की वास्तूत आपणहून जल प्रकटणं हे परम शुभ. मामानं मान डोलावली. आई माझ्याकडं बघत नव्हती. कणीक पाण्यात गेल्यामुळं पोळ्या झाल्या नाहीत, सगळ्यांनी वाटीत नुसतं पुरण घेऊन वर तूप ओतून खाल्लं. माझ्या वाटीत आईनं न विचारता दुसऱ्यांदा वाढलं.

निघताना मी म्हटलं, "जाते."

"येते म्हणावं," आई म्हणाली. या वेळी मी उलट उत्तर दिलं नाही, पण म्हटलंही नाही.

घर दिलं त्या दिवशी पप्पांनी कुलूप लावलं आणि सवयीनं रिकाम्या घराला म्हणाले, "येतो." एवढ्या आदबीनं खोटं बोललेलं मी दुसरं ऐकलं नाही. आता ते दोघं समुद्रावर असतात, किनाऱ्याकिनाऱ्यानं, माणूस चालत लवकर पोचेल अशा बेतानं. पावसाळ्यात कुठल्यातरी खाडीत नांगर टाकून पडतात. चारी बाजूंना पाणी आणि प्यायला थेंब नाही, ते काठावरून कॅन भरून आणावं लागतं. म्हणजे आई अजून पाणीच भरते, हे मी तिला दर वेळी आवर्जून सांगते. ती म्हणते, "पण वार मी ठरवते." मी बजाजनगरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. मोरीत ड्रम आहे, ओट्याखाली कळश्या आहेत, आणि मलाही मिक्सर चालू असताना सगळं ऐकू येतं.

परवा तिचा फोन आला. पहिला प्रश्न नेहमीचा, "नळ आले का गं?"

"नाय. काल यायचे होते."

"मग तिथं बसून काय करतीस? घरी ये की."

तिच्यामागं दोऱ्या डोलकाठीवर टकटक वाजत होत्या. ते घर नाय, हे उत्तर माझ्या तोंडात तयारच असतं. माझ्यापुढं बादली लावलेली होती, तोटी उघडी होती, आणि तेवढ्यात नळ खोकला. तिलाही ऐकू गेलं असणार, कारण ती बोलायची थांबली. पाणी येत होतं. मी तोटी बंद केली आणि म्हटलं, "येते."